अर्ध्या तासात फिरलेला नकार

अमेरिकेचं 'चॅलेंजर' हे अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी आकाशात फुटलं आणि आतले सातही अंतराळवीर गेले. ही दुर्घटना जगानं टीव्हीवर पाहिली. आदल्या रात्री काय घडलं होतं, ते मात्र चौकशी सुरू झाल्यावरच बाहेर आलं. या यानाची रॉकेटं बनवणाऱ्या अभियंत्यांनी 'उद्या उडवू नका' असं सांगितलं होतं. आकडे मांडून, आकृत्या काढून, लेखी कळवलं होतं. फोनवरच्या लांबलेल्या वादानंतर आणि अर्ध्या तासाच्या बंद दाराआडच्या चर्चेनंतर त्या नकाराचा होकार झाला.

त्या रात्री फोनवर बोलणारी माणसं बेपर्वा नव्हती. आयुष्यभर अवकाशयानांचं काम केलेले, हुशार आणि कष्टाळू लोक होते ते. म्हणून हा घटनाक्रम प्रत्येक कार्यालयानं, रुग्णालयानं, बँकेनं आणि कारखान्यानं वाचायला हवा. पुढच्या सगळ्या वेळा फ्लोरिडातल्या आहेत.

त्याआधीची पाच वर्षं

शटलला, म्हणजे चॅलेंजरसारख्या अंतराळयानाला, उचलणारी दोन घन इंधनाची रॉकेटं मॉर्टन थायोकोल ही कंपनी युटा राज्यात बनवत असे. एवढं मोठं रॉकेट अखंड नेता येत नाही, म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी रेल्वेनं फ्लोरिडाला जाई आणि तिथे जोडलं जाई. प्रत्येक जोडात रबराच्या दोन गोल रिंगा असत, 'ओ-रिंग'. रिंगेचा घेर रॉकेटाएवढा, म्हणजे व्यास सुमारे पावणेचार मीटर, पण जाडी जेमतेम सात मिलिमीटर. रॉकेट पेटताच आतल्या दाबानं जोड किंचित उघडतो. त्याच क्षणी रिंगेनं फुगून ती फट बुजवायची, नाहीतर जळता वायू बाहेर पडणार. थंडीत कुकरची रिंग कडक होते आणि शिटीऐवजी कडेनं वाफ जाते, तसाच हा धोका होता. फरक एवढाच की इथे आत वाफ नसून हजारो अंशांचा वायू होता.

१९८१ च्या नोव्हेंबरमध्ये, शटलच्या दुसऱ्याच उड्डाणात, एक रिंग जळालेली आढळली. मूळ आराखड्यानुसार रिंगेला झळही लागायला नको होती. पण यान सुखरूप परतलं होतं. पुढे अशा खुणा पुन्हापुन्हा दिसू लागल्या. दर वेळी तपासणी होई, अहवाल लिहिला जाई आणि 'मर्यादेत आहे' असा शेरा पडे. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी १९९६ साली या निर्णयावर मोठा ग्रंथ लिहिला. बिघाडाची अशी सवय होत जाण्याला त्यांनी विचलनाचं सामान्यीकरण म्हटलं आहे. नियम कोणीही मोडत नव्हतं. नियमाची रेघच दर वेळी थोडी पुढे सरकत होती.

२४ जानेवारी १९८५ च्या उड्डाणात तर पहिली रिंग ओलांडून वायू दुसऱ्या रिंगेपर्यंत पोचला. दोन रिंगांमधलं ग्रीस कोळशासारखं काळं झालं होतं. त्या दिवशी जोडाचं तापमान होतं सुमारे १२ अंश सेल्सिअस, तोवरच्या सगळ्या उड्डाणांत सर्वात कमी. थायोकोलचे सील-तज्ज्ञ रॉजर बोजोले यांनी ३१ जुलै १९८५ रोजी कंपनीच्या उपाध्यक्षांना पत्र लिहून बजावलं, की हा प्रश्न सोडवला नाही तर सर्वात भीषण प्रकारचा अपघात होईल, माणसं जातील. एक गट नेमला गेला, पण त्याला माणसं आणि साहित्य मिळेना. ऑक्टोबरमध्ये त्या गटाचे बॉब एबलिंग यांनी आपल्या अहवालाची सुरुवातच 'मदत करा' अशा हाकेनं केली.

सोमवार, २७ जानेवारी १९८६, दुपारी १२.३६

उड्डाण पुन्हा रद्द झालं. या मोहिमेची तारीख आधीच अनेकदा पुढे गेली होती. सकाळी दाराची मूठ अडकली, ती कापून काढेपर्यंत धावपट्टीवर वाऱ्यानं मर्यादा ओलांडली. नवी वेळ ठरली मंगळवारी सकाळी ९.३८. रात्री कडाक्याची थंडी पडेल असा अंदाज आला. या यानातून न्यू हॅम्पशायरमधल्या शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ जाणार होत्या. ११ हजारांहून अधिक अर्जदार शिक्षकांतून त्यांची निवड झाली होती, त्यामुळे देशभरच्या शाळांचं लक्ष या उड्डाणाकडे लागलं होतं.

दुपारी २.३०

युटामध्ये एबलिंग यांच्या कचेरीत अभियंते जमले. फ्लोरिडात पारा उणे आठ अंशांपर्यंत उतरू शकतो हे ऐकताच सगळ्यांचं एकच मत झालं. १२ अंशांना एवढी काजळी आली, तर गोठणबिंदूच्या खाली काय होईल?

दुपारी ४

एबलिंग यांनी थायोकोलचे फ्लोरिडातले वरिष्ठ प्रतिनिधी अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांना फोन लावला. मॅकडोनाल्ड यांनी तासातासाचं अपेक्षित तापमान मिळवून युटाला कळवलं आणि एक गोष्ट ठामपणे सांगितली: हा निर्णय अभियंत्यांनी घ्यावा, व्यवस्थापकांनी नव्हे.

संध्याकाळी ५.४५

पहिली फोन-बैठक झाली. उड्डाण दुपारपर्यंत पुढे ढकलावं असं थायोकोलचं म्हणणं पडलं. सगळी आकडेवारी घेऊन रात्री पुन्हा बसायचं ठरलं. सातच्या सुमारास नासाच्या मार्शल केंद्रातले प्रकल्प-व्यवस्थापक स्टॅनले रायनार्ट्झ आणि लॅरी मलॉय हॉटेलवर जाऊन आपले संचालक विल्यम लुकास यांना भेटले आणि ही शंका त्यांच्या कानावर घातली. म्हणजे मार्शल केंद्राच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला हे त्याच संध्याकाळी ठाऊक होतं. मार्शलच्या वर, उड्डाणाचा अंतिम निर्णय ज्यांच्या हाती होता, त्यांना ते कोणी सांगितलं नाही.

रात्री ८.४५

दुसरी फोन-बैठक. युटा, अलाबामातलं मार्शल केंद्र आणि फ्लोरिडातलं केनेडी केंद्र, अशा तीन ठिकाणी मिळून ३४ माणसं. चेहरे दिसत नव्हते, फक्त आवाज. थायोकोलच्या अभियंत्यांनी काही तासांत घाईघाईनं तयार केलेले, बरेचसे हातानं लिहिलेले तक्ते फॅक्सनं पाठवले होते. शेवटच्या तक्त्यावर निष्कर्ष होता: रिंगेचं तापमान १२ अंशांपेक्षा कमी असेल तर उडवू नये. सकाळी ते उणे दोनच्या आसपास असणार होतं.

नासाला हे पटलं नाही, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. ऑक्टोबर १९८५ मध्ये २४ अंशांच्या उबदार हवेतही वायू निसटला होता. मग दोष थंडीचा कशावरून? बोजोले म्हणाले, त्या वेळची काजळी करडी आणि थोडी होती. थंडीतली कुळकुळीत काळी आणि दूरवर पसरलेली होती. पण आकडा मागितला की त्यांच्याकडे आकडा नव्हता, छायाचित्रं होती. डोळ्यांना जे स्वच्छ दिसत होतं, त्याला त्या बैठकीत पुराव्याचा दर्जा मिळेना.

आकडा खरं तर उपलब्ध होता. त्या तक्त्यांत रिंगांना इजा झालेलीच उड्डाणं घेतली होती, इजा न झालेली वगळली होती. सगळी उड्डाणं तापमानानुसार एकत्र मांडली असती तर चित्र लख्ख दिसलं असतं. जवळपास १९ अंश किंवा त्याहून उबदार हवेतल्या २० उड्डाणांपैकी फक्त तिनांत इजा होती, आणि त्याहून थंड हवेतल्या चारही उड्डाणांत होती. हे कोणी मागितलं नाही आणि कोणाला सुचलंही नाही. सगळे एकमेकांचं म्हणणं खोडण्यात गुंतले होते.

मलॉय वैतागून म्हणाले, थायोकोल, मग काय मी एप्रिलपर्यंत थांबू? मार्शलचे जॉर्ज हार्डी यांनी या शिफारशीनं आपण हादरलो असल्याचं सांगितलं. कंत्राटदाराच्या सल्ल्याविरुद्ध आपण उडवणार नाही, हेही त्यांनी त्याच वाक्याला जोडलं. पण ऐकणाऱ्यांच्या मनात राहिला तो पहिला भाग. समोर सर्वात मोठा ग्राहक आहे, तो नाराज झाला आहे आणि कंत्राटाचं भवितव्य त्याच्या हाती आहे, हे युटातल्या प्रत्येकाला कळत होतं.

याच बैठकीत सर्वात मोठा बदल झाला. नासाची शिस्त अशी होती की यान सुरक्षित आहे हे कंत्राटदारानं सिद्ध करायचं. थोडी जरी शंका असली तरी उड्डाण नाही. त्या रात्री ओझं उलटं झालं. यान असुरक्षित आहे हे अभियंत्यांनी सिद्ध करावं, अशी अपेक्षा निर्माण झाली. तसा ठराव कोणी मांडला नव्हता. फक्त प्रश्न विचारण्याची दिशा बदलली आणि बहुतेकांना ते जाणवलंही नाही. थायोकोलचे अभियांत्रिकी उपाध्यक्ष बॉब लुंड यांनी पुढे चौकशीत हेच कबूल केलं: ते चालणार नाही हे सिद्ध करण्याच्या मागे आम्ही लागलो आणि ते आम्हाला जमलं नाही.

रात्री १०.३०

थायोकोलचे जो किल्मिन्स्टर यांनी आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली. युटाचा फोन म्यूट झाला. पाच मिनिटांची तीस झाली.

खोलीतले सर्वात वरिष्ठ अधिकारी जेरी मेसन यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आता व्यवस्थापकीय निर्णय घ्यावा लागेल. अर्नी थॉम्पसन जागेवरून उठून टेबलापाशी गेले आणि जोडाची आकृती काढून फट कशी उघडते ते पुन्हा समजावू लागले. बोजोले यांनी काळ्या काजळीचे फोटो पुढे सरकवले आणि ते पाहा, नजरेआड करू नका, असं कळवळून सांगितलं. चार वरिष्ठ बघत राहिले. कोणी प्रश्न विचारला नाही. ऐकणारं कोणी उरलं नाही हे लक्षात आल्यावर दोघेही आपल्या जागेवर येऊन बसले.

मग मेसन लुंडकडे वळले आणि म्हणाले, अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. लुंड तोवर आपल्या अभियंत्यांच्या बाजूनं उभे होते. त्यांनी मत बदललं. चार व्यवस्थापकांचं एकमत झालं. खोलीतल्या अभियंत्यांचं मत विचारलंच गेलं नाही.

मेसनच्या त्या वाक्यात धमकी नव्हती, नोकरी घालवण्याचा इशाराही नव्हता. होती ती फक्त एक आठवण, की तू आता कोणत्या गटातला आहेस. माणूस आपलं मत पुष्कळदा पुराव्यापुढे बदलत नाही, पण आपल्या माणसांत एकटं पडायच्या भीतीनं बदलतो. मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्येच समूहविचाराची लक्षणं लिहून ठेवली होती. एकी टिकवण्याच्या ओढीत गट पर्याय तपासायचं थांबतो, विरोध करणाऱ्यावर दबाव येतो आणि गप्प बसलेल्यांची संमती गृहीत धरली जाते. ही तिन्ही लक्षणं त्या अर्ध्या तासात हजर होती.

रात्री ११

फोन पुन्हा जोडला गेला. किल्मिन्स्टर यांनी नवं मत वाचून दाखवलं: थंडीची काळजी आहे, पण आकडेवारी निर्णायक नाही, उड्डाण करावं. रायनार्ट्झ यांनी सगळ्यांना विचारलं, याहून वेगळं कोणाचं मत आहे का? तिन्ही ठिकाणी शांतता.

युटातले अभियंते बोलले नाहीत, कारण त्यांचे साहेब नुकतेच त्यांच्या देखत निर्णय देऊन मोकळे झाले होते. मार्शलमधल्या एका अभियंत्याचं थायोकोलच्या अभियंत्यांशी पूर्ण एकमत होतं. ते त्यानं आपल्या वरिष्ठांना सांगितलंही होतं, पण फोनवर सगळ्यांपुढे नाही. बंद फोनमागे काय झालं हे फ्लोरिडा आणि अलाबामातल्या लोकांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांना वाटलं की अभियंत्यांचंही समाधान झालं असावं. प्रत्येक ठिकाणच्या मौनाचा अर्थ वेगळा होता. नोंद मात्र एकच झाली, हरकत नाही.

हार्डी यांनी हे मत सहीनिशी मागितलं. फ्लोरिडात बसलेल्या मॅकडोनाल्ड यांनी सही करायला नकार दिला, म्हणून ती युटातून किल्मिन्स्टर यांनी केली.

रात्री ११.१५

फोन संपल्यावरही मॅकडोनाल्ड वाद घालत राहिले. रिंगांचा धोका, वापरलेली रॉकेटं समुद्रातून उचलणाऱ्या, पण समुद्र खवळल्यामुळे मागे फिरलेल्या जहाजांचा प्रश्न आणि लाँच पॅडवरचा बर्फ, अशी तीन कारणं त्यांनी दिली. काही झालं तर हे का उडवलं याचं उत्तर चौकशीपुढे देणारा माणूस मला व्हायचं नाही, असंही ते म्हणाले. हा तुमचा विषय नाही, असं उत्तर त्यांना मिळालं.

मध्यरात्रीच्या सुमारास

मलॉय आणि रायनार्ट्झ यांनी शटल कार्यक्रमाचे प्रमुख अर्नोल्ड ऑल्ड्रिच यांच्याशी फोनवर चर्चा केली, पण ती जहाजांविषयी. थायोकोलचा नकार, त्यावरचा वाद आणि फिरलेलं मत, यांतलं काहीच त्या फोनवर निघालं नाही. आपल्या पातळीवर मिटलं ते वर कशाला न्यायचं, ही मार्शलची जुनी सवय होती. ऑल्ड्रिच आणि त्यांच्यावरचे जेसी मूर अशा रीतीनं अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायला मोकळे राहिले.

मंगळवार, २८ जानेवारी, पहाटे १.३० ते ५

पाइप गोठू नयेत म्हणून लाँच पॅडवर पाण्याची धार सोडून ठेवली होती. तेच पाणी मनोऱ्यावर गोठलं. पाहणी पथकाला जिने, कठडे आणि तारांवर बर्फाचे लांब सुळे लोंबताना दिसले. पाचच्या सुमारास मलॉय यांनी लुकास यांना रात्रीच्या वादाचा शेवट सांगितला. लुकास यांनीही तो वर कळवला नाही.

सकाळी ७ ते ९

पथकाची दुसरी फेरी झाली. यंत्रानं डाव्या रॉकेटाच्या पृष्ठभागाचं तापमान उणे चार दाखवलं, उजव्याचं खालच्या बाजूला उणे तेरा. त्या तापमानासाठी कुठली मर्यादा नेमलेली नव्हती, म्हणून ते वर कळवण्याची कोणाला गरज वाटली नाही. ज्यांना या आकड्याचा अर्थ कळला असता, ती माणसं युटात होती. साडेआठच्या सुमारास सातही अंतराळवीर आपापल्या आसनांवर बांधले गेले.

सकाळी ९

बैठकीत बर्फाचा विषय निघाला. यान बनवणाऱ्या रॉकवेल कंपनीनं सांगितलं की हे सुरक्षित आहे याची आम्ही खात्री देऊ शकत नाही. 'उडवू नका' असे स्पष्ट शब्द त्यांनी वापरले नाहीत, आणि नासानं ते म्हणणं हरकत म्हणून घेतलं नाही. उड्डाण ११.३८ पर्यंत पुढे गेलं, पण ते बर्फ वितळावा म्हणून. रात्रीच्या वादात एवढ्या वेळा उच्चारलेली रिंग या चर्चेत कुठेच नव्हती.

सकाळी ११.३८

हवेचं तापमान दोन अंश होतं. युटात बोजोले यांना उड्डाण पाहायचं नव्हतं, पण एबलिंग यांनी आग्रहानं टीव्हीपुढे बसवलं. रिंग फुटली तर पेटतानाच, पॅडवर, असा सगळ्यांचा अंदाज होता. यान वर झेपावलं तसा त्यांचा जीव भांड्यात पडला.

प्रत्यक्षात पहिल्या सेकंदाच्या आतच उजव्या रॉकेटाच्या खालच्या जोडातून काळा धूर निघाला होता. तो नंतर चित्रफितीत दिसला. धूर थांबला. सदतिसाव्या सेकंदानंतर यानाला जोराच्या उंच वाऱ्याचे हेलकावे बसले. एकोणसाठाव्या सेकंदाला त्याच जोडातून ज्वाळा बाहेर आली आणि इंधनाच्या मोठ्या टाकीपर्यंत पोचली. त्र्याहत्तराव्या सेकंदाला, १४ किलोमीटर उंचीवर, सगळं तुटलं. अंतराळवीरांचा कक्ष तुटल्यानंतर पावणेतीन मिनिटांनी अटलांटिक महासागरावर आदळला.

त्यानंतर

विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगापुढे मॅकडोनाल्ड यांनी स्वतःहून उभं राहून रात्रीच्या नकाराची हकिगत सांगितली. ११ फेब्रुवारीला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रिंगेचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढल्यावर तो पूर्वीसारखा उसळला नाही. ६ जूनच्या अहवालात आयोगानं स्पष्ट लिहिलं: अपघाताला जोड कारणीभूत होताच, पण निर्णयाची पद्धतही सदोष होती, आणि थायोकोलच्या व्यवस्थापनानं आपलं मत मोठ्या ग्राहकाची सोय पाहून बदललं.

रिंगा बदलल्या, जोडाचा आराखडा बदलला. खोलीतली वागणूक मात्र तेवढी बदलली नाही. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान निघालं. कल्पना चावला त्यात होत्या. टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला. अभियंत्यांनी कक्षेतल्या यानाची छायाचित्रं मागितली, ती घेतली गेली नाहीत. फोम याआधीही पडला होता आणि यानं परतली होती. पुन्हा एकदा धोका सिद्ध करण्याचं ओझं अभियंत्यांवरच आलं. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि सात जण गेले. कोलंबियाच्या चौकशी मंडळाला त्यात चॅलेंजरचे पडसाद दिसले.

'वरून आलंय', 'आधीही असंच झालं होतं, काही बिघडलं नाही', 'आता शेवटच्या क्षणी कशाला', ही वाक्यं आपल्या कार्यालयांतही रोज ऐकू येतात. म्हणून निर्णयाच्या बैठकीत चार गोष्टी नियमानंच व्हायला हव्यात. सुरक्षित असल्याचा पुरावा मागायचा, धोक्याचा नव्हे. वरिष्ठांनी आपलं मत शेवटी सांगायचं. 'कोणाची हरकत?' असं मोघम न विचारता प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं, आणि ज्यानं काम हातानं केलंय त्याला सर्वात आधी. नोंदलेला विरोध निर्णयासोबत थेट वरपर्यंत जायला हवा, मग तो खाली मिटला असं कोणाला कितीही वाटो.

आणि पाचवी गोष्ट या चारही गोष्टींहून महत्त्वाची आहे. मॅकडोनाल्ड यांनी खरं सांगितल्यावर कंपनीनं त्यांना बाजूला सारलं, आणि अमेरिकी काँग्रेसनं दबाव आणला तेव्हाच त्यांची जबाबदारी परत मिळाली. बोजोले यांना सहकाऱ्यांचा दुरावा सोसावा लागला आणि त्यांनी कंपनी सोडली. एबलिंग यांनी तीस वर्षं स्वतःला दोष दिला, जरी त्या दिवशी पहिला फोन त्यांनीच केला होता. ज्या संस्थेत 'नाही' म्हणणाऱ्याला एवढी किंमत मोजावी लागते, तिथे पुढच्या वेळी 'नाही' म्हणायला कोणी उठणार नाही. म्हणून विरोध चुकीचा ठरला तरी विरोध करणाऱ्याच्या बढतीवर, कामावर आणि मानावर त्याची आच येऊ न देणं, ही संस्थाप्रमुखाची पहिली जबाबदारी आहे.